येळवसेला फुटलेले दाणे

माणसं कशाकशाच्या नादी लागतात. आमचे हे भुईमुगाच्या शेंगांच्या नादी लागले. शाळेतली चांगली नोकरी सोडली आणि जळकोटला सडकेच्या कडेला, महारुद्र नावाच्या शेतकऱ्याच्या रानात पत्र्याचं शेड ठोकून शेंगा फोडायचं यंत्र करत बसले. पेरणीचं बी बायका हातानंच फोडतात, कारण दाणा दुभंगला की उगवत नाही. त्यात अंगठे सोलवटून निघतात. ह्यांचं म्हणणं, नुसतं हँडल फिरवावं आणि दाणे अख्खे खाली पडावेत. म्हणणं चांगलंच होतं. दाणे मात्र अख्खे पडत नव्हते.

शेवटी तुळजापूरहून सासरे आले. "सरकार म्हणे लहान कारखानदारांना नवे प्रयोग करायला अनुदान देतंय," ते ह्यांना म्हणाले. "मिळालं तर कर काय करायचं ते. नाही मिळालं तर संक्रांतीनंतर तहसिलीत कारकुनी. मी शब्द टाकून ठेवलाय."

ह्यांनी मान डोलावली. मी देव्हाऱ्यापुढं हात जोडून सांगितलं, आई भवानी, अनुदान राहू दे, कारकुनी मिळू दे. त्यात लपवायचं काय? एक तारखेला पगार आणणारा नवरा कुणाला नको असतो!

अर्ज गेला आणि यंत्र बघायला साहेब यायचा दिवस कळला. नेमकी येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या! त्या दिवशी आमच्याकडं गावात माणूस सापडत नाही. सगळे रानात. कडब्याची खोपटीसारखी कोप करायची, त्यात पाच दगडांचे पांडव पुजायचे, भज्जी, उंडे, धपाटे खायचे, वर आंबील प्यायची, आणि वाटेनं जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. साहेब रत्नागिरीकडचे. त्यांना ह्यातलं काय ठाऊक?

बिचारे एस.टी.तून उतरले आणि आमच्या शेडची वाट विचारत निघाले. प्रत्येक रानातून हाक आली. "या साहेब, बसा साहेब, गोरगरिबाचं खावा साहेब." सरकारी माणसानं नाही तरी किती वेळा म्हणावं? महारुद्राच्या कोपीपर्यंत पोचले तेव्हा साहेबांना धड वाकताही येत नव्हतं. बूट महारुद्रानं काढले.

शेड पन्नास पावलांवर होतं, पण साहेब उठायला तयार नव्हते. मग चौघांनी यंत्रच उचलून कोपीपुढं आणलं. ह्यांनी हँडलला हात घातला, तर म्हातारा हरिबा आडवा आला. "येळवसंला रानात काम न्हाय!"

ह्यांचा चेहरा उतरला. तेव्हा महारुद्राची बायको कस्तुराबाई पुढं झाली. "खायापुरत्या शेंगा फोडायच्या, त्येला कुटं काम म्हंत्यात व्हय?" तिनं शेंगांचं पोतं आणून यंत्रात ओतलंसुद्धा.

हँडल फिरलं. टरफलं उडाली, खाली पाटीत दाणे पडायला लागले. आणि आमच्या यंत्राचा जुना रोग सगळ्यांना दिसला: अख्ख्या दाण्यांत फुटके, दुभंगलेले दाणे. आता साहेब बघणार!

कस्तुराबाईनं डोळ्यांनी खुणावलं. झालं, बायकापोरं पाटीभोवती जमली आणि जो फुटका दाणा दिसेल तो तोंडात. हरिबाला दात नव्हते, तोही चघळायला लागला. माझ्या पोटात तर जागाच नव्हती. कस्तुराबाईनं मूठभर तुकडे माझ्या पदरात कोंबले. "खा वयनी, झटदिशी. साहेबाला दिसाया नगं." मी पदर मुठीत धरून उभी राहिले.

पोतं संपलं. साहेब कसेबसे उठून पाटीपाशी आले. आत सगळे टपोरे, अख्खे दाणे.

"एकही फुटला नाही?"

"एक बी न्हाय साहेब!" महारुद्र गरजला. "समदे मोती!"

"वा! उत्तम!" साहेब म्हणाले. "मग अनुदानाचा प्रश्नच मिटला. ते पैसे अपुऱ्या कामासाठी असतात. तुमचं यंत्र तर पुरं झालंय. अभिनंदन."

आमचे हे हडबडले. "पुरं नाही झालेलं साहेब. शंभरात वीस दाणे तरी फुटतात. रूळ बदलून बघायचाय, जाळी बदलायचीय, त्यासाठीच तर—"

"काय बी बोलू नगा मास्तर," महारुद्र हसला. "लई गरीब माणूस हाय साहेब. सोताचं कौतुक सोसत न्हाय त्येला."

"मी खरं सांगतोय! फुटतात!"

"न्हाय फुटत!" सगळं रान ओरडलं.

साहेबही हसायला लागले. दुसऱ्यांदा दाखवावं तर पोत्यात शेंग उरली नव्हती, आणि साहेबांची एस.टी. यायची वेळ झाली होती. ते बुटात पाय घालू लागले. हे एकेकाच्या तोंडाकडं बघत होते, आणि जो तो त्यांच्या पाठीवर थाप मारत होता.

मला कळत होतं, आता गप्प राहिलं की कारकुनी आपलीच. देवीनं माझं ऐकलं होतं. पदर झटकला असता तर चार तुकडे मातीत गेले असते आणि कोंबड्यांनी टिपले असते.

मी पुढं झाले आणि पदर साहेबांपुढं उघडला. "हे बघा साहेब. बाकीचे ह्या सगळ्यांच्या पोटात आहेत."

साहेबांनी तुकडे तळहातावर घेतले. उलटेपालटे करून पाहिले, ह्यांना शेजारी बसवून घेतलं आणि रूळ कसला, जाळी केवढी, कुठं चेमटतं, असं विचारत राहिले. एस.टी. येऊन गेली. "शिफारस करतो," अखेर ते म्हणाले. "अशाच कामाला पैसे आहेत."

कस्तुराबाई माझ्यावर भडकली होती. "मोडतंय म्हून पैसं देतंय ह्ये सरकार? आन तू गं, चारचौघांत नवऱ्याचं उणं काढलंस!"

संध्याकाळी आम्ही दोघं यंत्र शेडात लावत होतो. हे म्हणाले, "तुला तर नोकरी हवी होती."

"हवी होती. अजून हवी आहे."

"मग?"

"सगळे मिळून तुमची वाहवा करत होते आणि तुमचं एकहीजण ऐकत नव्हता. ते मला बघवेना."