बाभळीच्या शेंगा

"काँटा निकाल दो, दत्तादा. ब्याह का हार है, लड़की को चुभेगा."

निमाईदानं तांब्याच्या तारेची शेंग दाराच्या उजेडाकडे धरली. दत्तात्रय बाबर भट्टीपुढे उकिडवा बसून मुशीत टाकणखाराची चिमूट सोडत होता. मान वर न करता तो म्हणाला, "बिना काँटे का बाभळ नहीं होता."

"बाभळ क्या?"

"बाभूळ. झाड. तुम्हारा बाबला."

निमाईदा हसला. ओठात विडी तशीच ठेवून त्यानं शेंग तळहातावर फिरवली. मण्यामागून मणी, मधे आवळलेली कंबर, आणि टोकाशी दोन बारीक काटे. "चुभेगा," तो पुन्हा म्हणाला, पण काटे त्यानं मोडले नाहीत. "हार तो हो गया. बस, पीछे का फाँसा बाकी है. उसका कुछ सोचो. फिर ऊपर आके देखना."

बऊबाजारच्या त्या बोळात एकाच इमारतीत दोघांचं काम चाले. खाली दत्तात्रयची गलाईची खोली, वरच्या मजल्यावर निमाई कर्मकार आणि त्याचे कारागीर. जुने दागिने वितळवायचे, तेजाबात टाकून हिणकस जाळायचं आणि शुद्ध सोन्याची लगड करून द्यायची, हा दत्तात्रयचा धंदा. आटपाडीकडची निम्मी गावं याच धंद्यापायी देशभर पांगलेली. तोही मिसरूड फुटायच्या वयात चुलत्याबरोबर कलकत्त्यात आला आणि इथंच त्याचे केस पिकले. तेजाबानं बोटं पिवळी पडली होती. घासून जात नसत.

तेजाबात विरघळलेली चांदी खाली बसवायला तांबं लागतं. त्या तारेचे तुकडे उरत. एका दुपारी काही काम नव्हतं म्हणून त्यानं चिमट्यानं एक तुकडा वळवला आणि त्याची शेंग झाली. निमाईदानं ती पाहिली. विचारलं, "ये क्या है?"

"हमारे गाँव का माल है. मतलब, माळ."

"देश का चीज़ है," निमाईदा म्हणाला. बंगालीत गावाला देशच म्हणतात. तेव्हापासून दत्तात्रयही देशच म्हणू लागला.

मग दत्तात्रयला चटकच लागली. मासेवालीच्या विळीचा बाक, वळणावर एकमेकींत घुसलेल्या ट्रामच्या तारा, घाटावर नावेच्या खुंट्याला बसलेली ओल्या दोराची गाठ, काहीही दिसलं की बोटं हलायची. आणि कलकत्त्यात जे जे सुंदर दिसे त्याला मागून घरचं काहीतरी चिकटलेलं असे. रुळांकडेच्या गवताचं पांढरं काशफूल पाहून त्यानं माळावरचं कुसळ वळवलं होतं. ते निमाईदानं सोन्यात घडवलं, आणि कुणा अनोळखी बाईच्या कानात ते गेलंही.

निमाईदाचा देश घाटालकडचा. दरसाल पुरात अंगणात होडी लावायची वेळ. तो म्हणायचा, "मेरे देश में पानी ज़्यादा, तुम्हारे में कम. आधा-आधा कर लेते, तो दोनों घर में बैठे होते."

त्या दिवशीही शेंग हातात धरून तो असंच काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात अर्ध्यावर ओढलेल्या शटरखालून दोघं वाकून आत आले.

एकाच्या डोक्यावर हेल्मेट होतं, हातात पिस्तूल. दुसरा पोरसवदा, तोंडाला रुमाल, हातात चॉपर. वाकताना चॉपरचं पातं शटरच्या पत्र्यावर आपटून वाजलं.

"चुप! एकदम चुप! माल निकाल!"

दत्तात्रयनं गल्ल्यातल्या लगडी काढून फरशीवर ठेवल्या. जीव वाचला तर सगळं वाचलं, हे त्याला गलाईच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. निमाईदा मात्र उठून उभा राहिला. "बाबा, ये हमारा नहीं है, दूसरे का सोना है," असं काहीतरी समजावू लागला. हेल्मेटवाल्यानं पिस्तुलाचा दस्ता त्याच्या कपाळावर हाणला. कातडी फाटली आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. निमाईदा खाली बसला नाही. हेल्मेटवाला लगडी उचलायला वाकला तसा त्यानं त्याच्या शर्टाची कॉलर धरली आणि सोडेचना.

"मार ना साले को!" हेल्मेटवाला ओरडला.

पोरानं डोळे मिटून चॉपर खुपसला. बरगडीखाली. ओलं पोतं फाटावं तसा आवाज आला.

त्यानंतर दत्तात्रयनं काही ठरवलं नाही. भट्टीशेजारी चिनीमातीच्या वाडग्यात गरम तेजाब होतं. त्याच्या हातानं वाडगा उचलला आणि पोराच्या तोंडावर फेकला.

खोलीत तांबडा धूर उठला. रुमाल पोराच्या गालाला चिकटला. तो ओरडला, पण ते ओरडणं माणसाचं वाटेना. दोन्ही हातांनी तोंड धरून तो भिंतीवर आपटला, भट्टीवर आपटला, शटरवर आपटला. हेल्मेटवाल्यानं हातात आलं ते घेतलं आणि पळाला. पळताना त्यानं बोळात एक गोळी झाडली. तिच्या आवाजानं सगळी इमारत जागी झाली.

निमाईदा भिंतीला टेकून बसला होता. एक हात बरगडीवर. त्याचा गडद सदरा फारसा भिजलेला दिसत नव्हता. दत्तात्रय त्याच्यापाशी गेला.

"हमको कुछ नहीं हुआ," निमाईदा म्हणाला. "लगा है थोड़ा. तुम देखो."

वरचे कारागीर धडाधड जिना उतरले. दोघांनी निमाईदाला धरलं, बाकीच्यांनी पोराला केसांनी ओढत बोळात नेलं. शटर ओढायची सळई कुणाच्या तरी हातात होती. कुणाच्या हातात वीट. कुणी चहाच्या दुकानातलं लाकडी बाकडंच उचललं. दत्तात्रयही त्यांच्यामागे बाहेर आला आणि त्यानंही एक लाथ घातली. नीट नेम धरून, पोटात.

पोर आता वार चुकवत नव्हतं. सळई पाठीवर बसत होती, वीट गुडघ्यावर बसत होती, आणि ते दोन्ही हातांनी फक्त तोंडावरचं काहीतरी खरवडत होतं. "मा गो," म्हणत होतं, "जोल, मा गो, जोल." पाणी मागत होतं. त्याच्या गालाची कातडी पिवळी झाली होती. दत्तात्रयच्या बोटांसारखीच पिवळी.

तेजाब काय करतं हे त्या गर्दीत एकट्या दत्तात्रयला ठाऊक होतं. ते थांबत नाही. कातडीवरून आत जातं, आतून आणखी आत. चुलत्याच्या मनगटाचं हाड उघडं पडलेलं त्यानं पाहिलं होतं.

तो गर्दीत घुसला. पोराच्या काखेत हात घालून त्याला बोळाच्या तोंडाशी असलेल्या गंगेच्या पाण्याच्या नळाकडे ओढू लागला.

"दत्तादा, सरो! छाड़ो उसको!"

"पानी!" तो ओरडत होता. "पानी डालने दो!"

"पागल हो गया क्या? खूनी है!"

सळई फिरली ती पोरावरच फिरली होती. मधे दत्तात्रयचा खांदा आला. गळ्याजवळचं हाड मोडलेलं त्याला आधी ऐकू आलं, मग दुखलं. तरी त्यानं पोराला नळाखाली ढकललं, तोटी पुरी सोडली आणि त्याचं तोंड पाण्याखाली धरून त्याच्यावर पालथा पडून राहिला. पाठीवर, डोक्यावर मार बसत होता. त्यातला किती चुकून होता आणि किती मुद्दाम, हे त्याला कधीच कळलं नाही. गढूळ पाण्यातून रक्त वाहत गटाराकडे चाललं होतं, आणि खालून ते पोर कुत्र्यासारखं विव्हळत त्याच्या दंडाला चावत होतं. पोलीस येईपर्यंत तो हलला नाही.

निमाईदानं संध्याकाळी इस्पितळात प्राण सोडला. चॉपर आतवर पोचला होता आणि सगळं रक्त पोटातच साठत राहिलं होतं. टॅक्सी मिळायला उशीर झाला, असं कारागीर म्हणाले. बोळ गर्दीनं भरला होता, नळापाशी गोंधळ चालला होता, त्यामुळे टॅक्सी आत येईना.

* * *

खांद्याला पट्टा बांधून दत्तात्रय घरी आला. त्याची बायको सुमन त्याला हातानं भरवू लागली. तिसऱ्या दिवशी त्याला भरवता भरवता तिनं ताट खाली ठेवलं.

"आवं, निमाईदास्नी त्यानं मारलं. आन तुमी त्यालाच धूत बसलासा?"

"म्या जाळलं हुतं त्याला."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला. "म्याच जाळलं हुतं."

सुमननं ताट पुन्हा हातात घेतलं आणि पुढचा घास उचलला.

श्राद्धाच्या दिवशी तो निमाईदाच्या घरी गेला. फळांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. निमाईदाची बायको आभा बाहेर आली. एरवी तिच्या हातचा चहा प्यायल्याशिवाय तिनं त्याला कधी सोडलं नव्हतं.

"मेरा आदमी दीवार से लगके बैठा था," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तब तुम किसका मुँह धो रहे थे?"

दत्तात्रयनं फळांची पिशवी पुढे केली.

"गाड़ी क्यों नहीं आया गली में? बोलो."

बोळ कुणी अडवला होता हे दोघांनाही ठाऊक होतं.

"जाओ. इधर मत आना अब."

पिशवी उंबऱ्याशी ठेवावी की परत न्यावी हे त्याला कळेना. शेवटी तो ती घेऊनच परतला.

पुढच्या महिन्यात, ज्या पेढीनं हार घडवायला दिला होता तिथून शेठचा माणूस आला. निमाईदाच्या कपाटातून हार मिळाला होता, पण मुलीकडचे आता तो घ्यायला तयार नव्हते. रक्त लागलेल्या घरातला दागिना लग्नात नको म्हणाले. "गला दो," एवढंच सांगून, रुमालात बांधलेला हार ठेवून माणूस गेला.

दत्तात्रयनं रुमाल सोडला. फासा सोडून पुरा झालेला हार तो पहिल्यांदाच पाहत होता. शेंगेला शेंग लागून माळ झाली होती. काटे निमाईदानं मोडले नव्हते, फक्त त्यांची टोकं इतकी गुळगुळीत घासली होती की बोट फिरवलं तरी टोचत नव्हतं. त्यानं हार हातावर घेतला, मुशीत सोडला आणि भट्टीची हवा वाढवली. शेंगा एकेक करून बसत गेल्या. मग नुसतं पाणी झालं.

त्यानंतर त्यानं तारेला हात लावला नाही. सुमन म्हणाली, गावाकडं जाऊन येऊ, माळावर फिरलासा की बरं वाटंल. दोघं गेली. बाभळी फुललेल्या होत्या. लहानपणी त्या फुलांचे गोंडे तो कानावर अडकवायचा. आता त्यांचा पिवळा रंग पाहिला आणि त्याला नळाखालचा तो गाल दिसला. पवनचक्क्यांखालच्या पायवाटेवरून तो अर्ध्यातूनच माघारी वळला. ठरलेल्या दिवसाच्या आधीच दोघं कलकत्त्याला परतली.

* * *

खटल्याची तारीख पडली तेव्हा दुर्गापूजा होऊन गेली होती. दत्तात्रय साक्षीदार, आभाही साक्षीदार. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाकडं होतं. त्याच्या एका टोकाला ती बसली, दुसऱ्या टोकाला तो. मधे वकिलांचे कारकून येऊन बसत, उठत. दोघं एकमेकांकडे पाहत नव्हती.

पोराचं नाव सौरभ आहे, हे त्याला वर्तमानपत्रातून कळलं होतं. हवालदारानं त्याला आणलं तेव्हा व्हरांड्यातली माणसं वाट सोडून भिंतीशी सरली. चेहऱ्याची कातडी ओढून बांधल्यासारखी चकचकीत होती. एक डोळा पुरता मिटलेला. दुसऱ्याच्या जागी बारीकशी फट. हवालदाराचा फोन वाजला. पोराच्या कमरेचा दोर काखेत दाबून तो खिसा चाचपू लागला, आणि पोर तसंच पुढे चालत राहिलं.

व्हरांड्यातून अंगणात उतरायला तीन पायऱ्या होत्या. पोराचा पाय पहिल्या पायरीवर पडलाच नाही. ते पुढे झोकलं.

बाकाच्या पायऱ्यांकडच्या टोकाला आभा होती. ती कधी उठली हे दत्तात्रयलाही दिसलं नाही. तिचा हात पोराच्या कोपराखाली गेला आणि त्याचं सगळं वजन तिनं त्या एका हातावर पेललं.

"कौन?" पोरानं विचारलं.

तेव्हा आभानं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिच्या हाताची शीर न् शीर ताठ झाली. दत्तात्रय अर्धा उठला. आता ती सोडणार, त्याला वाटलं.

"और दो सीढ़ी हैं," ती म्हणाली.

पोरानं चाचपत पाय टाकला. मग दुसरा. जमीन लागली तेव्हाच तिनं हात काढून घेतला. फोन कानाला लावून हवालदार मागून धावत आला आणि पोराला घेऊन गेला.

आभा खालीच उभी होती, आपल्या हाताकडे बघत. पदराला तिनं तो पुसला नाही. मग मान वळवून तिनं दत्तात्रयकडे पाहिलं. वर आली आणि बाकावर आपल्या जागी बसली.

जज्जसाहेब रजेवर होते. पुढची तारीख मिळाली.

दत्तात्रय ट्रामनं न जाता चालतच बऊबाजारला आला. शटर वर केलं. भट्टी थंड होती, ती त्यानं पेटवली नाही. कोपऱ्यातलं तारेचं भेंडोळं ओढून घेतलं, एक तुकडा तोडला आणि चिमट्यात धरला. आधी कोपराचा बाक आला. तो लगेच जमला. मग त्याखाली आभाची बोटं. तिसरं बोट वळवताना तार कडेला झुकत होती. त्या बोटांनी वजन पेललेलं दिसायला हवं होतं, आणि ती नुसतीच चिकटलेली दिसत होती.

त्यानं तार सरळ केली, अंगठ्यानं घासून तिच्यातली मुरड काढली, आणि पुन्हा कोपरापासून सुरुवात केली.