माझ्यावर सरकणारी माणसं

मी बाक बोलतोय. दाढी-कटिंगच्या दुकानातला. बोलायची मला काडीची हौस नाही. चार पायांवर गप उभं राहावं, हा आपला धर्म. पण मालकाची पोरगी समाजशास्त्र शिकते आणि तिच्या मते प्रत्येकाची एक कहाणी असते. भोगा आता.

माझं शिक्षण बेताचंच. सुताराने मला शाळेसाठी घडवलं, पण नशिबी आली शेवटची रांग. तिथे पोरांनी कर्कटकाने माझं अंग कोरलं, शिकलं कुणीच नाही. फळी तडकली तसं मला मोडीत काढलं आणि मालकाने उचलून दुकानात आणलं. तेव्हापासून नंबराची वाट बघणारी गिऱ्हाइकं माझ्यावर बसतात. खुर्ची रिकामी झाली की टोकाचा माणूस उठतो, बाकीचे एकेक जागा पुढे सरकतात. घासून घासून गुळगुळीत झालोय.

पोरगी विद्यापीठात गेली आणि घरात वादळ शिरलं. कुटुंब, कामधंदा, मानपान, अफवा, शहरं का फुगतात, गुन्हे का घडतात, तिथे सगळं शिकवतात म्हणे. सांगताना तिला श्वास पुरत नसे. मालक वस्तऱ्याला धार लावत म्हणायचा, याला विद्यापीठ कशाला, हे माझ्या बाकावर फुकट मिळतं. शेवटी त्याने अट घातली.

"सुट्टीभर इथे बस. मला माहीत नाही असं एक तरी दाखव. नाहीतर कॉलेज बंद, काकाच्या औषधाच्या दुकानात बिलं फाडायची."

पोरगी बसली आणि बसल्या बसल्या चुकली. छापील प्रश्न काढून गिऱ्हाइकांना विचारू लागली, इथे नंबर कसा लागतो? सगळे एका सुरात म्हणाले, जो आधी आला त्याचा. एकजात साळसूद लेकाचे. एरवी शिवीशिवाय तोंड न उघडणारा रिक्षावालासुद्धा 'आपण, आपण' करत होता. मालक गालात हसला.

मग तिने कागद पिशवीत कोंबले आणि नुसती बघत बसली. एका दुपारी अशी ताडकन ताठ झाली, की माझे खिळे करकरले. तिला सापडलं होतं! कापडवाले शेट कधी सरकतच नाहीत. येतात ते थेट खुर्चीत. आणि बाजारातला हमाल कधी टेकतच नाही. बाक मोकळा असला तरी दाराशी उभा. मग त्याचा नंबर लागतो सगळे गेल्यावर. कुणी सांगितलं नाही, कुठे लिहिलं नाही, तरी रोज घडतं. अहो, जन्मभर माझ्या पाठीवर चाललेलं, आणि मला ठोंब्याला आज दिसलं! लाकडावर काटा आला.

तिच्या शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, फक्त बघायचं, मध्ये पडायचं नाही. पण शेट आले, खुर्चीकडे वळले आणि पोरगी बोलून गेली.

"शेट, हे दादा आधी आलेत."

वस्तरा हवेतच राहिला. हमाल पुटपुटला, "असू दे ताई, मला सवय आहे."

"तेच तर," ती म्हणाली.

मालकाच्या कपाळाला घाम. शेट जुनं गिऱ्हाईक, आणि चार माणसं त्यांच्या शब्दावर इथे येणारी. पण त्याने टॉवेल झटकला, खुर्ची फिरवली ती हमालाकडे. "बसा दादा."

पोरीला डोक्यावर चढवून ठेवलंयस, असं म्हणत शेटनी जाता जाता लाथ हाणली, ती मला. पाय निखळला.

दुकान बंद करताना मालक तो पाय ठोकत म्हणाला, "रोज माझ्याच हातून होत होतं, बये. मला माहीत नव्हतं."

"म्हणजे जाऊ?"

"जा की. पण तिथे जाऊन माझी अब्रू काढू नकोस."

तिने दुकानभर अशा उड्या मारल्या, की आरसा हलला. बाईंनी मध्ये पडल्याबद्दल तिचे कान उपटले आणि लगेच विचारलं, पुढे काय झालं?

पुढे काय होणार? शेट दुसरीकडे गाल कापून घेऊन परत आले. आता कुरकुरत का होईना, सरकतात. हमाल बसतो, पण कडेला, अर्धाच. त्याला कुणीतरी सांगा, नीट टेक बाबा, मी मोडत नाही. लंगडा झालो, तरी असा ताठ मी शाळेतही नव्हतो.

फक्त त्या लाथेची माफी अजून यायची आहे. मालकाने मागितली, पोरीने मागितली, त्यांचा काय संबंध? कापडवाले शेट, तुमची बाकी आहे.