चंद्रभान गुरुजींचं पोलाद

"मनुष्य आणि मृत्यू यांच्यामध्ये शेवटी एकच वस्तू उभी राहते. पोलाद!"

देवळीचे चंद्रभान गुरुजी हे वाक्य बोलले तेव्हा ते खाटेवर उभे होते, आणि त्यांच्या व मृत्यूच्या मध्ये त्यांच्या पत्नी कमलाबाई उभ्या होत्या. ओसरीत विंचू निघाला होता. कमलाबाईंच्या हातात चप्पल होती. काम आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "उतरा आता."

उतरून गप्प बसते तर ते गुरुजी कसले! त्याच आठवड्यात अल्लीपूरहून कमलाबाईंचे थोरले भाऊ किसनराव आले. गुरुजींनी त्यांना सुनावलं की हातात एक उत्तम चाकू असला, तर आपण जंगलात महिनाभर राहू. कुणाची मदत नको, कुणाचा घास नको.

किसनराव गेली चौदा वर्षं या जावयाला हसत आले होते. ते सुपारीचं खांड गालात सरकवून म्हणाले, "महिना राहू द्या, जवाईबापू. एक दिवस काढा. उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत. काढला तं मी तुमाले जन्मात हसणार नाई. कोनाचा घास खाल्ला, तं वैशाखात माह्या पोरीच्या, कांताच्या लग्नात भर पंगतीत उठून म्हना, का किसनराव म्हनते थेच खरं."

गुरुजींनी शब्द दिला. चौदा वर्षांचं हसू एका दिवसात मिटत होतं, आणखी काय पाहिजे?

मग चाकूची निवड सुरू झाली. तीन महिने चालली. आमच्या गावात मुलीसाठी स्थळ याच्या निम्म्या वेळात ठरतं. गुरुजींनी वर्ध्याच्या वाचनालयात एका जुन्या इंग्रजी मासिकातला लेख गाठला आणि उत्तम चाकूचे एकोणीस गुण वहीत उतरवून आणले. लेख बर्फात हरवलेल्या माणसांसाठी होता. गुरुजींनी ती क्षुल्लक बाब मानली. त्यामुळे चैत्रातल्या वर्धा जिल्ह्यासाठी असा चाकू हवा होता, की ज्याची मूठ थंडीनं हाताला चिकटू नये आणि ज्याच्या पाठीनं गोठलेली नदी फोडता यावी.

कानपूरचा मिटणारा चाकू सहाव्या गुणाला नापास झाला. नागपुरात लढाईनंतर लष्करानं मोडीत काढलेल्या डिस्पोजलच्या मालात मिळालेली खुकरी अकराव्याला. शेवटी कलकत्त्याहून टपालानं नऊ इंची शिंगमुठीचा चाकू आला आणि तो एकोणीसच्या एकोणीस गुणांत उतरला. गुरुजी तो मिरवत नत्थू लोहाराकडे धार पाहायला गेले. नत्थूनं चाकू उलटसुलट केला.

"चांगला हाये. पन गुरुजी, जंगलात कापाचं काय हाये?"

"संकट!"

नत्थूनं भाता थांबवला. "त्याची जाडी केवढी रायते?"

अडाण्याशी वाद घालायचा नसतो. गुरुजींनी चाकू म्यानात घातला आणि घरी आले.

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता किसनरावांनी त्यांना बोरच्या जंगलात सोडलं आणि स्वतः हाकेच्या अंतरावर आंब्याखाली डबा घेऊन बसले. गुरुजींनी चाकू उपसला. म्यान नवं, घट्ट होतं. कलकत्त्याच्या पोलादानं पहिल्याच झटक्यात आपला गुण दाखवला. उजव्या अंगठ्याला धोतराची चिंधी बांधून, चाकू पुन्हा जपून म्यानात घालून गुरुजी बसले. कापण्याजोगं काही दिसलं नाही. साडेनऊला भूक लागली. कापण्याजोगं तरीही काही दिसलं नाही.

अकराच्या सुमारास मोहाची फुलं वेचणारी एक बाई भरली टोपली घेऊन सावलीला आली. नाव पंचफुला.

"काऊन जी, वाट चुकले का?"

"नाही बाई. मी इथे जंगलात जगतो आहे."

"असं का," पंचफुला टोपली उतरवत म्हणाली. "आमी बी थेच करून राह्यलो."

गुरुजींना ही बरोबरी रुचली नाही. त्यांनी विचारलं, "तुमच्याजवळ हत्यार कोणतं?"

"टोपली."

गुरुजी हसले, अगदी किसनरावांसारखे. मग त्यांनी पंचफुलाला एकोणीस गुण सांगितले. बाराव्या गुणापर्यंत तिनं फडकं सोडलं. त्यात ज्वारीच्या दोन भाकरी होत्या, लाल तिखट होतं आणि एक अख्खा कांदा.

"या जी, जेवाले."

"नाही! जंगलात राहणाऱ्यानं कुणाचा घास खायचा नसतो."

"मंग राहाचं कसं?" पंचफुलानं विचारलं. चेष्टा म्हणून नव्हे. तिला खरंच कळलं नव्हतं.

गुरुजी उत्तर द्यायला तेरावा गुण आठवू लागले. पंचफुलानं अर्धी भाकर तोडून, तिच्यावर तिखट ठेवून ती पळसाच्या पानावर त्यांच्यापुढं सरकवली आणि स्वतः खायला लागली. गुरुजींनी वर पाहिलं. सूर्य डोक्यावरसुद्धा आला नव्हता. त्यांनी आंब्याकडे पाहिलं. मग भाकरीकडे पाहिलं, तीनदा.

"बाई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "माझा अंगठा दुखतो आहे. तेवढा कांदा बुक्कीनं फोडून द्या. पण हळू फोडा, तिकडे मेहुणे बसलेत."