आजीच्या पर्समधला फोन

आमचे वर्लिन भाऊजी बचतीला कला म्हणतात. आळसाला इतकं गोंडस नाव मी दुसरीकडे ऐकलं नाही.

त्यांच्या लेकीला, ब्रिनला, सोळा पूर्ण झाली, गाडी चालवायचा परवाना मिळाला आणि गाडीच्या विम्याचा हप्ता आभाळाला भिडला. मिशिगनात हे घरोघरी होतं. लोक कुरकुरतात आणि भरतात. सवलतीची वाटही होती. मुलीच्या फोनवर कंपनीचं ॲप टाकायचं, ती कशी चालवते ते ॲप बघणार, नीट चालवली की हप्ता कमी. म्हणजे पोरीला नीट शिकवणं आलं, आणि शिकवण्यात रविवारची मॅच बुडते. भाऊजींनी ब्रिनचा फोनच आपल्या आईच्या पर्समध्ये टाकला.

म्हातारी ओडेसा गाडी चालवते ती पाळणा हलवल्यासारखी. चर्चला हळू, बिंगो खेळायला हळू, वळणावर तर रस्त्याची परवानगी काढून वळणार. ॲप खूश! ब्रिनला शंभरात अठ्ठ्याण्णव गुण. चर्चच्या जेवणात बटाट्याच्या ताटांवरून हात लांबवून भाऊजी ते सगळ्यांना दाखवत होते.

"पोर मी घडवली."

"आणि पोर फोनशिवाय फिरते ती?" मी म्हटलं.

"आम्ही काय फोन घेऊन जन्मलो होतो? तू आधी लग्न कर, पोरं काढ, मग शिकव मला."

जानेवारीत ब्रिन शाळेतून येत होती. दोन्हीकडे शेतं पांढरी, रस्ता पांढरा, पांढऱ्याखाली काचेसारखा बर्फ. हरीण आडवं आलं. बर्फावर करकचून ब्रेक दाबायचा नसतो, हे तिला सांगायला कोणाला वेळ होता? गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. लेकरू पातळ बुटांनी बर्फ तुडवत शेतावरच्या घरापर्यंत गेलं आणि तिथून मला फोन केला. मी पोचले तेव्हा तिची बोटं मेणासारखी झाली होती.

घरी भाऊजींचा पहिला प्रश्न: "फोन कुठे होता, कोणी विचारलं का?"

दुसऱ्या दिवशी विमा कंपनीचा माणूस ब्रिनशी फोनवर बोलला. त्याच्याकडच्या नोंदीत ब्रिन अपघाताच्या वेळी बिंगोच्या हॉलवर होती. भाऊजी समोर उभे राहून हातवारे करत होते: विसरले म्हण, विसरले म्हण! ब्रिनने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

"फोन आजीकडे असतो," ती म्हणाली. "रोज. बाबांनी ठेवलाय."

"कार्टे, घर बुडवलंस!"

"बाबा, मी बुडत होते चरात."

विमा रद्द झाला. आता तरी भाऊजी शहाणे झाले असतील म्हणून मी शनिवारी त्यांच्याकडे गेले. भाऊजी सोफ्यावर पाय पसरून दुसऱ्या विमा कंपनीशी फोनवर लाडीगोडीने बोलत होते.

"घरात तरुण चालक? छे हो, कोणीच नाही."

ब्रिन जिन्यात उभी होती. तिने कोट चढवला, टोपी कानावर ओढली.

"मावशी, तुझी गाडी दे. चर्चमागचं मैदान गोठलंय. मला घसरून सावरायला शिकव."