उपासाच्या दिवशीचं पाणी

मित्रांनो, माझ्या पोटावर एक पोचा आहे. घासणाऱ्याचं बोट तिथे हमखास अडखळतं. पूर्णा जंक्शनच्या रेल्वे वसाहतीत, स्वयंपाकघरातल्या फळीवर बसलेला मी एक जुना तांब्या. आधी माझी गोष्ट ऐका, मग त्या पोच्याची.

परभणीच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. झरीच्या लिंबाजींनी मला लेकीच्या रुखवतात मांडलं, आणि नव्या नवरीच्या, गीताबाईंच्या मांडीवर बसून मी पूर्णेला आलो. गीताबाई फार देवभोळ्या. पहाटे अंघोळ झाली की माझ्यातलं पहिलं पाणी सूर्याला, दुसरं तुळशीला. मग दिवसभर घराची तहान मी भागवायची. चिंच-राखेने त्या मला असं घासत की छोटी पंचफुला, त्यांची लेक, माझ्यात तोंड पाहून वेडावून दाखवी. त्या वर्षांत माझा थाट काही औरच होता!

गीताबाईंचे यजमान बन्सीधरराव यार्डात पॉइंट्समन होते. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं. एके दिवशी डबे जोडताना बन्सीधररावांचा एक सोबती दगावला. बन्सीधरराव शेजारीच उभे होते, त्यांना खरचटलंही नाही. पण तेव्हापासून इंजिनाची शिट्टी वाजली की गीताबाईंच्या छातीत धडधडू लागे. जंक्शनचं गाव, शिट्ट्यांना काय तोटा! झोप गेली, जेवण तुटलं. हातातलं पीठ हातातच राही आणि नजर दाराकडे.

बन्सीधरराव त्यांना गाडीने नांदेडला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "हा मनाचा आजार आहे, बाई. बरा होतो. रात्री जेवण झालं की ही गोळी घ्या. गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच सोडू नका."

त्या दिवसापासून माझी जागा गीताबाईंच्या उशाशी झाली. गोळीने त्यांचं तोंड कोरडं पडे, जीभ टाळूला चिकटे. उठताना घेरी येई, बोटं थरथरत. सासूबाई धुरपताबाई हे सारं पाहत आणि कपाळाला आठ्या घालत.

"झोप यायची ती आली न्हाई, वर सुनेचा लाकडाचा ओंडका झाला," त्या म्हणत. "कसल्या गोळ्या म्हनायच्या ह्या!"

पण मित्रांनो, मला एक गोष्ट ठाऊक होती. गुरुवारी, शनिवारी आणि एकादशीला गीताबाई दिवसरात्र फराळावर असत, आणि त्या रात्री माझ्यातल्या पाण्याने गोळी कधी गिळली जात नसे. डॉक्टर म्हणाले होते ना, जेवणानंतर! उपासाला जेवण कुठलं? साबुदाण्याला आपल्याकडे कोणी जेवण म्हणत नाही. शिवाय गोळीने उपास मोडेल ही भीती होतीच. गोळी काही दिवस चाले, मग एक दिवस थांबे. मला हे दिसत होतं. पण तांब्याला तोंड असतं ते ओतण्यापुरतं.

एका शनिवारी सकाळी गीताबाई तुळशीला पाणी घालायला झटकन उठल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या मला घेऊनच उंबऱ्यावर कोसळल्या. हाच तो पोचा. पंचफुला घाबरून रडू लागली.

धुरपताबाईंनी नातीला कडेवर उचललं. "बन्सी, येत्या गुरवारी हिला झरीला पोचव. नीट झाली की यील. लेकरू हितंच ऱ्हाईल, तिच्या हातून उद्या पोरगी पडायची!"

लेकीला सोडून जायचं, आणि नीट झालेच नाही तर? तो प्रश्न गीताबाईंच्या डोळ्यांत बसला तो हलेना.

गुरुवार उजाडला. दुपारच्या गाडीने निघायचं होतं. गीताबाई ट्रंक भरत असताना शेजारच्या सुलाबाई आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत खलाशी. अठ्ठ्याहत्तरच्या जाळपोळीत गावाकडचं घर जळालं, तेव्हा हे बौद्ध कुटुंब पूर्णेला आलं होतं.

"वैनी, गोळ्या घेतल्या का संगं?"

"घेतल्या. पन आज न्हाई घ्यायची. आज उपास हाय."

सुलाबाई खाली बसल्या. "म्हंजी? उपासाला घेतच न्हाईत तुमी?"

"जेवल्यावर घ्या म्हनले ना डॉक्टर."

"आगं बया! आन् हप्त्याला उपास किती तुमचे? घर जळाल्यावर मला बी झोप न्हवती. आसल्याच गोळ्या होत्या. मधीच सोडल्या तर पार भिताडाला धरून चालायले मी. तोंड वाळतं, घेरी येती, ते अंगाला सवय झाली की उतरतं. तुमी सवयच होऊ देईना गेलाव! झरीची गाडी ऱ्हाऊ द्या, नांदेडची धरा."

दारात बन्सीधरराव उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, आज नांदेडलाच नेतो." धुरपताबाईंनी भरलेली ट्रंक परत भिंतीशी सरकवली.

डॉक्टर रागावले नाहीत म्हणे. "चूक माझी, मी उपासाचं विचारायला हवं होतं. तुमच्या देवाला फराळ चालतो ना? मग माझ्या गोळीलाही चालेल. उठताना आधी बसा, मग उभ्या राहा. घोट घोट पाणी प्या. त्रास वाढला तर मला येऊन सांगा, गोळी मनाने बंद करू नका."

दुसऱ्या दिवशी सुलाबाई विचारपूस करायला आल्या. आजवर त्यांना पाणी मिळे ते वेगळ्या काचेच्या ग्लासात. त्या दिवशी धुरपताबाईंनी माझ्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं आणि त्यांच्या हातात दिलं.

सुलाबाईंनी फुलपात्राकडे पाहिलं. "का हो मावशी, आज गिलास फुटला का?"

"फुटला," धुरपताबाई खाली बघत म्हणाल्या. "पी आता."

हळूहळू गीताबाईंचं तोंड ओलावलं, बोटं स्थिरावली. शिट्टी वाजली तरी हातातली पोळी तव्यावर पडू लागली. एवढ्यात ज्येष्ठ आला, आणि निर्जळा एकादशी. पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सकाळी गीताबाई मला पालथा घालून कोपऱ्यात ठेवायला निघाल्या. ओठ आत्ताच सुकले होते.

धुरपताबाईंनी मला त्यांच्या हातातून काढून घेतलं, माठाच्या पाण्याने काठोकाठ भरलं आणि पुन्हा त्यांच्यापुढे ठेवलं.

"यंदा तुज्या वाटची निर्जळी मी धरलीय. देवाला सांगून आले."

"आत्याबाई, ह्या उन्हात? तुमचं वय—"

"माझं तोंड का गोळीनं वाळलंय? पी गुमान."

गीताबाईंनी आधी देवाकडे हात जोडले, मग सासूकडे, आणि मग प्यायल्या.

मित्रांनो, पुढे डॉक्टरांनी गोळी कमी करत करत थांबवली. आता घरात स्टीलची टाकी आहे, आणि मी फळीवर धूळ खातो. पोचा काढून देतो म्हणून एकदा तांबट दारी आला, तेव्हा गीताबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, दादा." तुमच्याही घरात कोणी अशी गोळी घेत असेल, कोणाचं तोंड कोरडं पडत असेल, तर हसू नका. गोळी घेतली का, एवढं मायेने विचारा, आणि पाणी आणून द्या.

धुरपताबाई आता नाहीत. पण दर ज्येष्ठात निर्जळा एकादशीला गीताबाई मला खाली काढतात, चिंचेने घासतात, काठोकाठ भरतात. स्वतः दिवसभर पीत नाहीत. दारी आलेल्या प्रत्येकाला मात्र, कोणीही असो, माझ्यातलंच पाणी देतात.