चाँदपाशाच्या पाठीवरची हवा

मित्रांनो, परंड्याच्या रस्त्यावर एका सहकारी पाणीपुरवठा संस्थेचे पत्र्याचे गोदाम आहे. तिथे बंद पडलेल्या पंपांच्या मागे, भिंतीला टेकून मी उभी आहे. मी पाणबुड्याची जुनी टाकी. येणारेजाणारे मला गॅसची टाकी समजत. हल्ली कुणी येतच नाही.

मी पोलादाची आहे. कारखान्यात माझ्या पोटात पाणी भरून, प्रचंड दाब देऊन माझी परीक्षा घेतली. मी टिकले, तेव्हा माझ्या खांद्यावर शिक्का उमटला आणि मी मुंबईच्या गोदीत आले. जहाजांचे तळ तपासणाऱ्या पाणबुड्यांत चाँदपाशा आणि आयुब असे दोन जोडीदार होते. दोघेही परंड्याकडचे, विहिरीत पोहायला शिकलेले, बहात्तरच्या दुष्काळात पोटासाठी मुंबई गाठलेले. मी चाँदपाशाच्या पाठीवर चढले, ती कायमची.

माझ्यात काय भरतात, ठाऊक आहे का? तुम्ही आत्ता नाकाने घेता आहात ती साधी हवाच, पण दाबून दाबून भरलेली. तिच्यात पाचातला साधारण एक भाग प्राणवायू आणि उरलेला बहुतेक नायट्रोजन. माणूस जितका खोल जातो, तितके पाणी त्याला चहूबाजूंनी दाबते. मग त्याला हवाही तितक्याच दाबाची द्यावी लागते. त्यामुळे वर निरुपद्रवी असणारा वायू खाली तसा राहत नाही. फार खोलात नायट्रोजनने शिंदी प्यायल्यासारखी गुंगी येते, म्हणून समुद्रात अतिशय खोल जाणारे काहीजण हवेत हेलियम मिसळून नेतात. आणि ज्याच्यावर आपण जगतो तो प्राणवायू? तो प्रमाणाबाहेर गेला, तर जीवच घेतो.

हे मी डोळ्यांदेखत पाहिले. एका सकाळी आयुबच्या पाठीवर चुकून शुद्ध प्राणवायूची टाकी बांधली गेली. खाली तो आमच्यापासून हातभर अंतरावर होता. आधी त्याचे ओठ फडफडले. मग सगळे अंग आकडी आल्यासारखे ताठ झाले आणि तोंडातली नळी सुटली. चाँदपाशाने त्याला वर आणले, पण आयुब गेला होता.

चाँदपाशाने नोकरी सोडली. मला आणि हवा भरायचा एक जुना कॉम्प्रेसर घेऊन तो गावी परतला. विहिरीत पडलेल्या पंपाच्या मोटारी काढायची कामे तो करू लागला. पाण्यात एकट्याने उतरू नये, हे त्याला चांगले माहीत होते. पण जोडीदार कुठून आणणार? त्याची बायको अजीजाबी काठावर दोर धरून बसे. दोराला एक हिसका म्हणजे ठीक आहे, सलग हिसके म्हणजे वर ओढ. खाली काळोखात त्याला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नसे. माझ्याशी तो कधी बोलला नाही, पण त्या श्वासांवरून मला त्याचे मन कळे. आयुबच्या आठवणीने ते श्वास जड व्हायचे.

ऐंशीनंतरच्या एका कोरड्या वर्षी गावाजवळच्या तलावात उरलेले पाणी हाच आसपासच्या गावांचा आधार होता. आणि नेमके तेव्हाच पाणी सोडायच्या दरवाजात बाभळीचे खोड अडकले. दरवाजा पुरता मिटेना. पाणी कोरड्या ओढ्यात वाहून जाऊ लागले. तलावाच्या भिंतीजवळ अजून आठ परस, म्हणजे पन्नासेक फूट, खोली होती. खाली उतरून खोडाला साखळी बांधायची होती, आणि हे काम चाँदपाशालाच येत होते.

पण माझ्यात हवा नव्हती आणि कॉम्प्रेसरचा पट्टा तुटलेला होता. संस्थेचे चेअरमन गुरुलिंगअप्पा धावत आले.

"चाँदपाशा, पट्टा सोलापूरहून उद्या यील. तवर समदं पाणी जातंय की! कोंडीरामच्या वेल्डिंगच्या दुकानात ऑक्सिजन हाय. श्वासाला तेच लागतं न्हवं? भरा ते."

"न्हाय अप्पा. वर दवाखान्यात ते औषध हाय. आठ परस खाली तेच जहर व्हतंय. माझा जोडीदार त्यातच गेला."

"आवो, जरा वेळाचं तर काम हाय."

"मरायला बी जरा वेळच लागतो, अप्पा."

"भ्याला म्हणा की सरळ!" गर्दीतून कुणीतरी ओरडले.

हळूहळू सगळे निघून गेले. त्याला कुणी साधे चहालाही विचारले नाही. तो बांधावर माझ्याशेजारी बसून वाहत्या पाण्याकडे बघत राहिला.

"लोकांना बोलू द्या," अजीजाबी म्हणाली. "तुम्ही थांबलात, लई बरं केलंत."

"पाणी बघ ना, कसं जातंय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पट्टा आला. कॉम्प्रेसर धडधडू लागला आणि मी भरले. पुन्हा गर्दी जमली. चाँदपाशाने माझी चावी किंचित उघडून वास घेतला. त्याचा चेहरा उतरला. वारा फिरला होता आणि कॉम्प्रेसरच्या इंजिनाचा धूर हवेबरोबर आत ओढला गेला होता. त्याने चावी पूर्ण उघडली आणि मला रिकामे केले.

"आवो, काय करताय काय!" गुरुलिंगअप्पा कडाडले.

"धुरातला इखारी वायू रक्तात बसतो, अप्पा. त्याला सवताला वास नसतो. संगं धुराचा वास आला, म्हणून तर कळलं!"

शिव्या ऐकत त्याने हवा ओढणारी नळी वाऱ्याच्या दिशेला, धुरापासून दूर, उंचावर नेली. मला पुन्हा भरले. पुन्हा वास घेतला. मग मला पाठीवर घेतले.

खाली गढूळ अंधार होता. दरवाजातून जाणाऱ्या पाण्याची ओढ इतकी, की हात आत गेला असता तर सुटला नसता. तो बाजूने चाचपडत गेला. साखळी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा अडकली. वरून माणसांनी ओढ घेतली, खोड निघाले आणि दरवाजा जागी बसला. तो हळूहळू वर आला. अंगात मुरलेला नायट्रोजन घाईने वर आले तर बुडबुडे होऊन सांध्यांत आणि नसांत अडकतो.

वर आलो तेव्हा काठ रिकामा होता. ओढ्याचे पाणी थांबलेले बघायला सगळे पलीकडे धावले होते. एकटी अजीजाबी उभी होती. तिच्या तळहातांवर दोराचे वळ होते. चाँदपाशाने मला मातीवर ठेवले आणि तो हुंदके देऊन रडला.

संध्याकाळी गुरुलिंगअप्पा एकटेच त्याच्या घरी आले.

"काल माझं ऐकलं असतं तर?"

"तर आज बोलायला मी नसतो."



पुढे चाँदपाशाचे कान दुखू लागले आणि पाण्यात उतरणे थांबले. त्याने मला भरूनच संस्थेच्या हवाली केले. तपासणी केल्याशिवाय कुणी वापरू नका, असे बजावून गेला. कुणी तपासणी केली नाही आणि वापरलेही नाही. माझ्या तळाला गंज चढला. एके दिवशी पांढऱ्या केसांची अजीजाबी गोदामात आली. चाँदपाशा घरीच, झोपेत गेल्याचे तिच्याकडूनच मला कळले.

"ह्यात त्यांनी भरलेली हवा हाय का अजून?" तिने विचारले.

"हाय, पर कामाची न्हाय आता," म्हातारे गुरुलिंगअप्पा म्हणाले.

"सोडू?"

अप्पांनी मान डोलावली. तिने चावी फिरवली. हवा तिच्या तोंडावर आली, पदर फडफडला. तिने डोळे मिटले. आवाज पुरता थांबेपर्यंत ती माझ्याजवळ बसून राहिली.

मित्रांनो, खोल उतरणाऱ्या माणसाला घाई करू नका. त्याच्या टाकीत काय आहे, हे त्याला पुन्हा पुन्हा तपासू द्या. आणि तो "थांबा" म्हणाला, तर त्याला एकटे सोडून घरी जाऊ नका. त्याच्याशेजारी बांधावर बसा.