फुटक्या चक्राची काच

टीव्हीच्या पडद्यावर चक्र उमटलं आणि पत्र्याच्या मंडपातली सगळी माणसं हात जोडून एकदम उठली. मागच्यांना दिसेना म्हणून पुढच्यांच्या पाठीत कोपरं बसली. एका म्हातारीचा चष्मा कुणाच्या तरी पायाखाली गेला. तिनं तशीच, काही न दिसता, टाळी वाजवली.

निलंग्याच्या पुढं माळावर एक जुनी बारव आहे. दर अमावस्येला तिच्यात जमिनीखालून समुद्र येतो, असा शोध समुद्रेश्वर महाराजांनी लावला होता. समुद्र येताना देवांची आयुधंही आणतो. ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत म्हणून महाराजांनी सूक्ष्मदर्शक ठेवला होता आणि त्याला टीव्ही जोडला होता. ज्यानं त्यानं बारवेतून आपल्या हातानं तांब्या भरून आणायचा, दुखणं सांगायचं. महाराज थेंब काचेवर टाकत, काच जराशी सरकवत, आणि देव हजर.

"यंत्र जर्मनीचं, देव आपले!" महाराज माईकमध्ये गरजले. "चक्र दिसलं, किडनी बरी. त्रिकोण दिसला, पाळणा हलला. सुई दिसली, साखर उतरली. ज्याला काहीच दिसणार नाही, त्यानं आपलं पाप तपासावं!"

आजवर एकालाही पाप तपासावं लागलं नव्हतं.

बसम्मामामीनं भाचीच्या दंडाला चिमटा काढला. "बघ की गं मंजू, माझ्या तांब्यातलं चक्र. आता बोल."

मंजुषा पडद्याकडंच बघत होती. ती लातूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. रत्नागिरीच्या समुद्रातल्या डायटमवर तिची पीएच.डी. होती. डायटम म्हणजे पाण्यावर तरंगणारं एका पेशीचं शैवाल. ते स्वतःभोवती काचेची डबी करून राहतं आणि डबीच्या आकारावरून, नक्षीवरून त्याची जात ठरते. अशा जाती हजारोंनी आहेत. पडद्यावरचं चक्र कॉसिनोडिस्कस होतं. त्रिकोण ट्रायसेरॅटियम, सुई रायझोसोलेनिया. सगळी समुद्राची मंडळी. जुनी ओळखीची माणसं भलत्या गावात भेटावीत तसा तिला क्षणभर आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

कारण वीरण्णामामा घरी सुजून पडला होता. निलंग्यात त्याचं किराणा दुकान होतं. दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर तो लातूरला डायलिसिस करून घ्यायचा आणि परत येऊन गल्ल्यावर बसायचा. पौर्णिमेपासून मामीनं ते बंद केलं होतं. देव आत काम करून राहिले, यंत्रानं रक्त बाहेर काढलं तर ते रुसतील, असं महाराज म्हणाले होते. मंजुषानं डोकं फोडून घेतलं तेव्हा मामी एवढंच म्हणाली, "महाराजाला खोटा पाड. आज पाड, आजच नेते त्यास्नी लातूरला."

पडद्यावरच्या चक्राच्या डाव्या कडेचा टवका उडालेला होता. नंतरचा तांब्या शेषेरावचा, शेजारच्या वाडीवरून आईसाठी आलेला. आईचीही किडनीच. पुन्हा चक्र आलं. डाव्या कडेला तोच टवका.

मंजुषा उठली आणि तांब्या घेऊन पुढं गेली.

"काय दुखणं, ताई?"

"मामाची किडनी."

थेंब पडला, काच सरकली. "चक्र!" महाराज ओरडले. मंडपानं जयजयकार केला.

"महाराज, हे बारवेचं पाणी नाही," मंजुषा म्हणाली. "सकाळी बसस्थानकासमोरून घेतलं. बॅटरीत घालतात ते, डिस्टिल्ड."

जयजयकार अर्ध्यात मोडला. महाराज फार वेळ अडले नाहीत. "सागर सर्वव्यापी आहे, ताई! बॅटरीत नाही का तो?"

काहीजणांनी माना डोलावल्या. मंजुषानं तोवर काच उचलली होती. पदरानं थेंब पुसला, काच कोरडी केली, खालीवर करून लोकांना दाखवली आणि पुन्हा यंत्राखाली ठेवली.

पाणी नव्हतं, थेंब नव्हता. चक्र होतं. टवक्यासकट.

"ह्या दोन काचा आहेत," ती म्हणाली. "एकीवर एक चिकटवलेल्या. आत समुद्रातले मेलेले डायटम आहेत, आम्लानं धुतलेले. जिवंत असते तर आत सोनेरी ठिपके दिसले असते. ही रिकामी टरफलं आहेत. कॉलेजात शिकवायला अशा काचा विकत मिळतात. वर तुमचं पाणी टाका, नाहीतर गटाराचं. आतलं चक्र हलत नाही."

"पण बारवेचं पाणी खारं हाय की बाई!" शेषेराव म्हणाला.

"मंडपामागं जाऊन बघा. येताना मला तिथं पोती दिसली."

तो गेला आणि जाड्या मिठाची दोन रिकामी पोती घेऊन आला.

मग मंडप महाराजांवर धावून गेला. ज्यांनी पायावर डोकं ठेवलं होतं त्यांनीच आधी चप्पल काढली. टीव्ही फुटला. महाराज पूर्वी नांदेडला प्रयोगशाळेचं सामान विकायचे, हे त्यांनी पोलीस यायच्या आत, न विचारता, रडत सांगितलं. त्या गोंधळात चष्मा गेलेली म्हातारी मंजुषाचा हात धरून म्हणाली, "बाई, ती काच मला दे. धुऊन पिते."

बसम्मा घराकडं पळत सुटली होती.

वीरण्णा भिंतीला टेकून बसला होता. आडवं झालं की श्वास कोंडायचा. पाय फुगले होते, ओठ निळे पडले होते. उशाशी तांब्या होता. गाडी आली, त्याला उचलून घातलं. लातूरच्या वाटेवर, औसा यायच्या आत तो गेला.

परतताना बसम्मानं विचारलं, "अमावस्येचं तीर्थ तर चार दिवसांत संपायचं. पुढं घरच्या पाण्यात महाराजांच्या पुडीतली चिमूट घालायला सांगितलं होतं, समुद्र जागा राहतो म्हणून. मंजू, म्या त्यास्नी रोज काय पाजलं गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. मंजुषाला ते आलं नाही.

"मीठ, मामी. डॉक्टरांनी बंद केलेलं मीठ. त्यानं अंगात पाणी धरलं आणि छातीत भरलं."

बसम्मानं मान हलवली, दर विचारून घेतल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी वीरण्णाला भस्म लावून, गळ्यात लिंग बांधून, लिंगायत रिवाजाप्रमाणे बसवलं होतं. दारात माणसं कुजबुजत होती. एकजण जरा मोठ्यानंच म्हणाला, "भाचीनं देवाची काच पुसली. त्याच रात्री गेला बघा माणूस."

बसम्मा आतून बाहेर आली. तिचा आवाज बाजारात भाव सांगावा तसा सपाट होता.

"काच पुसली म्हणून न्हाई गेले. म्या मीठ पाजलं म्हणून गेले. ह्या हातानं. काच आधी पुसली असती तर आज गल्ल्यावर बसले असते. तुम्ही समद्यांनी तेच पाणी नेलंय. कुणी काही दाखवलं तर थेंब पुसून बघायचा, एवढं तरी शिका. मला उशिरा कळलं. तुमच्या घरात जे सुजून पडलेत ते अजून जिवंत हाईत. इथं रडत काय बसलात?"

कुणी हललं नाही. मग शेषेरावनं चप्पल पायात सरकवली आणि मयत उठायच्या आधीच तो वाडीकडं, आईकडं निघाला. मयताचा एवढा अपमान त्या गल्लीत याआधी कुणी केला नव्हता. बसम्मानं त्याला वाट करून दिली.